नागपुरात समुद्र नाही, डिझेल आहे: तेलगळतीच्या तयारीचा आराखडा कसा बसवायचा

समुद्रातली विहीर फुटली की बातम्यांत काळ्या लाटा आणि तेलानं माखलेले पक्षी दिसतात. नागपूरकर म्हणतो, "आपल्याला काय करायचं भाऊ!" अरबी समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटर दूर, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण देशभरातल्या पेट्रोल-डिझेलच्या टाक्यांचे परवाने ज्या खात्याकडून येतात, त्या 'पेसो'चं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था 'नीरी' याच शहरात आहे. जमिनीवरच्या तेलविहिरी ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं विभागीय कार्यालयही इथंच. आणि डिझेल तर सगळीकडे आहे: दवाखान्याच्या तळघरात, सोसायटीच्या जनरेटरमागं, हिंगण्याच्या कारखान्यात, बुटीबोरीच्या गोदामात, रात्रभर वर्धा रोडनं आणि समृद्धीनं धावणाऱ्या टँकरांत.

अशी एखादी टाकी ज्यांच्या जबाबदारीवर आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. दवाखान्याचे मेंटेनन्स सुपरवायझर, सोसायटीचे सचिव, ट्रान्सपोर्टचे मालक, कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर. पद्धत मात्र मी समुद्रावरच्या खोदकामाकडून उचलली आहे. तिथले नियम माणसं गेल्यावर लिहिले गेलेत, आणि प्रत्येक नियमामागं काय घडलं ते चौकशी अहवालांत सविस्तर नोंदलेलं आहे. जमिनीवरच्या लहान टाकीसाठी इतकं नीट लिहिलेलं साहित्य मिळत नाही.

कोणाचं कुठं चालतं

गळती झाल्यावर पहिला अर्धा तास "हे कोणाकडे येतं?" यात जातो, म्हणून हे आधीच माहीत असावं. समुद्रातल्या खोदकामाच्या सुरक्षेसाठी २००८ चे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी 'ओआयएसडी', म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, करतं. तेल समुद्रात पसरलं की सूत्रं भारतीय तटरक्षक दलाकडे जातात. त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे. जमिनीवर चित्र वेगळं. साठवणुकीचा परवाना पेसोकडे, कारखान्यातली सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, पाणी-माती खराब झाली की प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि रासायनिक अपघातांच्या १९९६ च्या नियमांप्रमाणे जिल्हा आपत्ती गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. प्रत्यक्षात सगळ्यात आधी पोचते ती अग्निशमन दलाची गाडी. म्हणून ११२ आणि जवळच्या फायर स्टेशनचा थेट नंबर टाकीशेजारच्या भिंतीवर पेंटनं लिहून काढा. लॅमिनेट केलेला कागद एका उन्हाळ्यात पांढरा पडतो.

जाता जाता एक मत. ओआयएसडी पेट्रोलियम मंत्रालयाच्याच छत्राखाली आहे, म्हणजे तेल वाढवा म्हणणारे आणि जपून काढा म्हणणारे एकाच घरातले. ब्रिटननं पायपर अल्फा या समुद्रातल्या तेलफलाटाच्या दुर्घटनेनंतर सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र सुरक्षा यंत्रणेला दिलं. अमेरिकेनं २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या स्फोटानंतर जुनं खातं मोडून परवाने, सुरक्षा आणि महसूल असे तीन भाग केले. मला ती दिशा बरोबर वाटते. तुमच्या कारखान्यातही हाच प्रश्न आहे: सेफ्टी ऑफिसर प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली असेल, तर टँकर थांबवण्याची हिंमत तो किती वेळा करेल?

लिटर मोजा, मग तापमान बघा

पेट्रोलियम कायदा इंधनाचे वर्ग ज्वलनबिंदूवरून पाडतो, म्हणजे ठिणगी लागली तर इंधनाची वाफ ज्या तापमानापासून पेटू शकते त्यावरून. २३ अंशांखाली 'अ', म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ अंशांमध्ये 'ब', यात डिझेल. 'ब' वर्गाचा एका जागेवरचा एकूण साठा २,५०० लिटरच्या आत असेल आणि एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. जनरेटरच्या टाक्या ९९० लिटरच्या का असतात, त्याचं कारण हे.

परवाना लागत नाही म्हटलं की लोक धोकाही नाही असं धरून चालतात. इथं नागपूरचं ऊन आडवं येतं. आपल्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा, एवढीच मानकाची अट आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि पत्र्याच्या शेडखाली, दुपारी तापलेल्या काँक्रीटवर सांडलेलं डिझेल त्याहून गरम होतं. "डिझेल आहे, पेट्रोल थोडंच आहे" हे वाक्य डिसेंबरात बरंचसं खरं असतं. मेमध्ये ठिणगी जवळ असेल तर त्याच्यावर विसंबू नका. वेल्डिंगचं, ग्राइंडरचं काम टाकीच्या आसपास ठेवायचंच असेल तर ते सकाळी ठेवा, आणि टँकर रिकामा होत असताना अजिबात नको.

तेल कुठं जाईल ते पाण्यानं शोधा

समुद्रात तेल कुठं जाईल हे वारा आणि प्रवाहावरून काढतात. आपल्याकडे उतार बघायचा. टाकीजवळ, टँकर उभा राहतो तिथं आणि पाइपच्या प्रत्येक जोडाखाली दोन-दोन बादल्या पाणी ओता आणि त्याच्या मागं चालत जा. खडूनं खुणा करा. पाणी ज्या जाळीत शिरतं तिचं पुढचं तोंड शोधा. बहुतेक ठिकाणी ते पावसाळी गटार असतं, तिथून नाला. नागपूर शहरात नाला म्हणजे शेवटी नाग नदी किंवा पिवळी नदी, पुढं कन्हान, मग वैनगंगा आणि गोसीखुर्दचं पाणी. बुटीबोरीकडून वेणा नदी. हा सगळा रस्ता एका कागदावर हातानं काढा. गाडी कुठपर्यंत जाते, माणूस नाल्यात कुठं उतरू शकतो, पूल कुठं आहे, हे त्यावर असलंच पाहिजे, कारण तेल अडवायचं असतं ते अशाच जागी.

काळी माती असेल तर एक जादा गोष्ट. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि सांडलेलं तेल वाहून जाण्याऐवजी तिथंच खाली उतरतं. वरून डाग लहान दिसतो, शेजारच्या विहिरीला मात्र नंतर वास येतो. पावसाळ्यात हीच माती फुगून भेगा मिटतात आणि तेल पाण्यासोबत वरून निघून जातं. म्हणून नकाशे दोन लागतात, एक मेचा आणि एक जुलैचा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, तळघरांत पाणी शिरलं. तळघरातल्या डिझेलच्या टाकीचं अशा वेळी काय होतं याचा हिशोब सोपा आहे. ९९० लिटरची टाकी, त्यात अडीचशे लिटर डिझेल, म्हणजे साधारण दोनशे किलो. टाकीचं स्वतःचं वजन आणखी दोनशे धरा. ती पूर्ण पाण्याखाली गेली तर पाणी तिला जवळजवळ हजार किलोच्या जोरानं वर ढकलतं. उरलेला पाचशेहून जास्त किलोचा जोर नुसत्या विटांवर ठेवलेली टाकी उचलतो, पाइप उखडतो आणि सगळं डिझेल पाण्यावर येतं. टाकी जमिनीला बोल्टनं बांधा. हवेचा पाइप पुराच्या पातळीच्या वर न्या. आणि हवामान खात्याचा मुसळधार पावसाचा इशारा आला की टाकी भरून ठेवा. भरलेल्या टाकीला पाणी सहज उचलत नाही, शिवाय वीज गेल्यावर तेच डिझेल कामाला येतं.

जास्तीत जास्त किती सांडेल?

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या खोदकामाच्या फलाटावर स्फोट झाला. ११ माणसं गेली, विहीर ८७ दिवस वाहत होती. त्या आखातासाठी कंपनीनं तयार ठेवलेल्या तेलगळती आराखड्यात संरक्षण करायच्या प्राण्यांमध्ये वॉलरसची नोंद सापडली. वॉलरस आर्क्टिकच्या बर्फात राहतो. कुठल्या तरी थंड प्रदेशाचा आराखडा उचलून नाव बदललं होतं, आणि सगळ्या टेबलांवरून तो सहीनिशी पुढं गेला होता.

हसू येतं खरं, पण आपल्या फायली उघडून बघा. बुटीबोरीतल्या एका गोदामाच्या आराखड्यात मी "भरती-ओहोटीच्या वेळा तपासाव्यात" असं वाक्य वाचलं आहे. सल्लागारानं मुंबईची फाइल पाठवली होती. तुमच्या आराखड्यात 'जेट्टी', 'बंदर', 'भरती' हे शब्द शोधा. एक जरी सापडला, तर तो आराखडा कुणीच वाचलेला नाही असं समजा आणि पहिल्या पानापासून नवा लिहा.

नवा लिहिताना सुरुवात सर्वांत मोठ्या आकड्यापासून करा. सर्वांत मोठी टाकी पूर्ण भरलेली असताना फुटली तर तिच्याभोवतीच्या बंडात, म्हणजे सांडलेलं तेल अडवणाऱ्या कठड्यात, सगळं मावतं का? बंडाची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणा. येणारा आकडा हजारानं गुणला की लिटर. त्यातून आत ठेवलेल्या इतर टाक्यांची आणि पायांची जागा वजा करा. ही वजाबाकी बहुतेक जण विसरतात.

दुसरा आकडा टँकरच्या होजचा, म्हणजे रिकामं करायच्या नळीचा. माझ्या पाहण्यात गळती बहुतेक वेळा टाकीतून होत नाही, ती टँकर रिकामा करताना होते. घड्याळ लावून मोजा. समजा ४,००० लिटरचा कप्पा दहा मिनिटांत रिकामा होतो, तर मिनिटाला ४०० लिटर. होज निसटल्यापासून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत दोन मिनिटं गेली तर ८०० लिटर जमिनीवर. आता प्रत्यक्ष बघा: ड्रायव्हर तेव्हा कुठं असतो? केबिनमध्ये झोपलेला असेल तर पाच मिनिटं धरा, म्हणजे २,००० लिटर. ड्रायव्हर आणि आपला एक माणूस, दोघंही व्हॉल्व्हपासून हाताच्या अंतरावर उभे, हा एकच नियम पाळला तर तो आकडा शंभरावर येतो. हजारो रुपयांच्या शोषक पट्ट्यांनी एवढा फरक पडत नाही.

दोन अडथळे, आणि चाचणी काय म्हणते ते

विहीर खोदताना तेल-वायू वर येऊ नये म्हणून कायम दोन स्वतंत्र अडथळे ठेवतात. एक, विहिरीत भरलेल्या जड चिखलाचा दाब. दुसरा, तोंडावर बसवलेला बीओपी, म्हणजे जाड व्हॉल्व्हांचा मनोरा. त्यातली एक कात्री वेळ आली तर खोदकामाचा पोलादी पाइपच कापून विहीर बंद करते. एक अडथळा काढायचा असेल तर दुसरा धड आहे हे आधी तपासायचं. आसाममधल्या बागजानला २७ मे २०२० रोजी विहीर फुटली तेव्हा दुरुस्तीच्या कामात बीओपी काढलेला होता. ९ जूनला आग लागली, आणि विहीर पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. ती विहीर समुद्रात नव्हती. शेजारी गावं होती आणि मागुरी-मोटापुंग बील, म्हणजे पाणथळ तळं, होतं.

डीपवॉटर होरायझनवर तर चाचणी झाली होती. दाब कमी करून विहीर शांत राहते का ते बघितलं. एका नळीत १,४०० पीएसआय दाब दिसला, दुसऱ्या नळीत शून्य. दोन्ही नळ्या त्याच विहिरीत. हे आकडे एकत्र बसत नव्हते, पण कुणीतरी एक कारण सांगितलं, बाकीच्यांनी ते मानलं, आणि चाचणी पास धरून काम पुढं गेलं. काही तासांत स्फोट.

यातून आपल्या टाकीसाठी करायचं ते असं. कोणतीही चाचणी करण्याआधी, आधीच, वहीत लिहा की कोणता आकडा आला तर नापास. टाकीची पातळी रात्री अकराला आणि सकाळी सहाला डिपस्टिकनं मोजायची. जनरेटर बंद असताना ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर नापास, असं. मर्यादा तुमच्या टाकीच्या मापाप्रमाणे ठरवा. नापास आल्यावर "थंडीमुळे आकसलं असेल" म्हणणारा माणूस भेटणारच. त्याचं म्हणणं बरोबरही असेल. पण पुन्हा मोजून पास येईपर्यंत टाकी वापरायची नाही.

अडथळेही जोडीनं मोजा. जास्त भरलं जाऊ नये म्हणून एक गेज आणि एक वेगळा अलार्म. दोन्ही एकाच फ्लोटवर चालत असतील तर तो एकच अडथळा आहे. सांडलं तर बाहेर जाऊ नये म्हणून एक बंड आणि एक बंद, कुलूपबंद ड्रेन व्हॉल्व्ह. ड्रेन व्हॉल्व्ह उघडा असेल तर बंड असून नसल्यासारखं. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या डेपोत पेट्रोल सुमारे सव्वा तास वाहत राहिलं आणि ते दुरून बंद करण्याची सोय कामाला आली नाही. वाफेचा ढग पेटला, ११ माणसं गेली. आपल्या खापरी-बोरखेडीकडच्या डेपोंमध्ये काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. छोट्या टाकीवाल्यांना मात्र माहीत नसतं.

पाळी बदलताना

६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, पायपर अल्फा. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि तिथं नुसती चकती बसवली होती. काम अर्धवट राहिलं, त्या दुरुस्तीच्या परवान्याचा कागद ऑफिसात ठेवला गेला. रात्रीच्या पाळीत दुसरा पंप बंद पडला. त्यांना पंपाच्या देखभालीचा परवाना दिसला, व्हॉल्व्हचा वेगळा परवाना दिसला नाही. तो पहिला पंप सुरू केला, चकतीतून वायू सुटला आणि पेटला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलेन यांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या, आणि 'सुरक्षित आहे हे कंपनीनंच सिद्ध करून दाखवावं' ही पद्धत तिथं कायद्यात आली.

छोट्या जागेसाठी यातलं एवढंच घ्या: दुरुस्तीची खूण कागदावर नको, व्हॉल्व्हवर हवी. कुलूप आणि लाल पट्टी. पट्टीवर कुणी बंद केलं आणि का ते. कुलूप ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. आणि पाळी बदलताना दोघांनी टाकीजवळ उभं राहून बोलायचं, मोबाइलवरून "सगळं ठीक आहे" नको.

थांबवायचा अधिकार कोणाचा

२७ जुलै २००५, मुंबई हाय. एका जहाजावर आचाऱ्याची बोटं कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळत नव्हतं, म्हणून त्याला तेलफलाटावर चढवायला जहाज जवळ गेलं. वाऱ्याच्या आडोशाकडची क्रेन चालत नव्हती, म्हणून वाऱ्याच्या बाजूनं गेलं. धक्का बसला, वायूचा उभा पाइप फुटला, आणि दोन तासांत आख्खा फलाट समुद्रात. २२ माणसं गेली. जखमी माणसाला मदत करायची ही भावना चांगलीच होती. प्रत्येक पायरीवर घेतलेला निर्णय त्या क्षणी पटण्यासारखा होता. "थांबा" म्हणायचं काम मात्र कुणाच्या नावावर नव्हतं. २०२१ च्या तौक्ते वादळात कामगारांच्या राहण्याचा पी-३०५ बार्ज बुडाला तेव्हा त्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधी आलेला होता.

आता आपल्याकडे. एका खाजगी दवाखान्यात सरावाच्या वेळी मी रात्रीच्या चौकीदाराला म्हटलं, "काका, समजा आत्ता टाकी गळतेय. व्हॉल्व्ह बंद करा."

ते उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. "चावी साहेबांकडे असते."

"साहेब कुठं?"

"साहेब भंडाऱ्याला लग्नाला गेले. उद्या येतील ना!"

फोन केला, उचलला नाही. टाकीच्या दाराला कुलूप, कारण डिझेल चोरीला जातं. कुलूप लावण्यात चूक नाही, पण चावी काचेच्या पेटीत चौकीत पाहिजे. काच फोडली की हिशोब द्यावा लागतो, चोरीची भीती तेवढ्यानं भागते. त्याहून महत्त्वाचं, मालकाच्या सहीचं एक पत्र त्या पेटीवर चिकटवा: "रात्री ड्युटीवर असलेल्या कोणत्याही माणसानं तेल बंद केलं, तर त्याला विचारणा होणार नाही, पगार कापला जाणार नाही. बंद केलं नाही, तर मात्र विचारणा होईल." माणूस व्हॉल्व्हपाशी जाऊन थांबतो तो तांत्रिक ज्ञान कमी आहे म्हणून नव्हे. उद्या कोण ओरडेल याची त्याला धास्ती असते.

गळती झाली: पहिली पंधरा मिनिटं

ठिणगी बंद, स्रोत बंद, वाट बंद, मग फोन. दोन माणसं असतील तर फोन पहिल्यापासून एकाकडे द्या.

रस्त्यावर टँकर उलटला असेल तर आधी वाऱ्याकडे पाठ करून लांबून टँकरवरची पाटी वाचा. १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी. ११२ ला हाच आकडा सांगा; "मोठा टँकर आहे, लाल रंगाचा" यावरून अग्निशमनवाल्यांना काही कळत नाही. पेट्रोल किंवा डिझेल असेल तर सगळ्या बाजूंनी निदान ५० मीटर माणसं मागं घ्या, मोठी गळती असेल तर वारा वाहतो त्या दिशेनं ३०० मीटर. टँकर पेटला असेल तर ८०० मीटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गटारातून सरपटत जाते, म्हणून लांबच्या चहाच्या टपरीवरची शेगडीही बंद करायला लावा.

आणि कॅन घेऊन धावणारी गर्दी थांबवा. जून २०१७ मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ टँकर उलटला, गावकरी पेट्रोल भरून न्यायला जमले, ते पेटलं आणि दोनशेच्या वर माणसं गेली. आपल्याकडे हायवेवर हेच दृश्य किती वेळा दिसतं ते सांगायला नको. "फुकटचं आहे" म्हणणाऱ्याला तुम्ही एकट्यानं अडवू शकत नाही; पोलीस येईपर्यंत दोन ट्रक आडवे लावा.

पेट्रोल असेल तर सामान्य माणसानं अडवाअडवीच्या भानगडीत पडू नये. डिझेल असेल आणि जागा सुरक्षित असेल तर जाळीभोवती वाळूच्या गोण्या टाका. पाणी मारून धुऊन काढू नका. रस्ता स्वच्छ दिसतो, पण अंगणातली गळती नदीची होते. भांड्याचा साबण टाकून "विरघळवणं" त्याच जातीतलं. समुद्रावर वापरतात ती रसायनं परवानगीनं, खोल पाण्यात वापरायची असतात. नाल्यात त्यांना जागा नाही. रस्त्यावर माती किंवा वाळू पसरून ठेवा, नाहीतर मागून येणारी पहिली दुचाकी पडते.

तेल नाल्यात गेलंच, तर पुढं जाऊन अडवा. मागं धावू नका. तुमच्या हातच्या नकाशावरचा दुसरा किंवा तिसरा पूल गाठा. तरंगता अडथळा, म्हणजे बूम, टाकण्याआधी पाण्याचा वेग बघा. इथं आपलं संत्रं कामाला येतं. ते तरंगतं, लांबून दिसतं आणि वाऱ्यानं फारसं ढकललं जात नाही. दहा मीटर अंतर मोजून संत्रं सोडा. तीस सेकंदांपेक्षा लवकर पोचलं तर वेग सेकंदाला एक तृतीयांश मीटरच्या वर आहे, आणि आडव्या टाकलेल्या बूमखालून तेल निसटणार. मग बूम तिरका लावा, खालचं टोक शांत काठाकडे, म्हणजे तेल त्या कडेला गोळा होतं आणि तिथून उपसता येतं.

नाला लहान असेल तर बूमपेक्षा गोण्यांचा बांध चांगला. बांधातून एक-दोन पीव्हीसी पाइप टाका. वरच्या अंगाचं तोंड पाण्यात खोल, खालच्या अंगाचं टोक उचललेलं. पाणी खालून निघून जातं, तेल वर अडतं. पाइप मात्र सहा इंची किंवा मोठे. चार इंचीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात आणि दहा मिनिटांत बांधावरून पाणी जातं. नाग नदीच्या पाण्यात काय काय वाहतं ते आपल्याला ठाऊक आहे.

पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसला की लोक घाबरून टनांत बोलू लागतात. तो थर सुमारे एक हजारांश मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक हेक्टर पाण्यावर फक्त दहा लिटर. काळपट, रंग न बदलणारा थर दिसला तरच माल मोठा आहे. उलट चूकही होते: जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली तेव्हा सुरुवातीला गळती किरकोळ सांगितली गेली, आणि नंतर किनाऱ्यावर माणसं बादल्यांनी गाळ उपसत होती. अंदाज द्यावाच लागला तर रंग आणि क्षेत्रफळ सांगा. टन काढायचं काम नंतर येणाऱ्यांवर सोडा.

कोण किती वेळात येईल

तटरक्षक दलाच्या आराखड्यात तीन पातळ्या आहेत: ७०० टनांपर्यंत, १०,००० टनांपर्यंत आणि त्यावर. पातळीनुसार कोणाची साधनं यायची ते ठरतं. आपण टनांऐवजी मिनिटं घ्या. पहिली पातळी, आपल्या आवारातल्या माणसांना आणि गोण्यांना पेलेल ती. दुसरी, शेजारचा कारखाना, जवळचा डेपो, फायर ब्रिगेड. तिसरी, जिल्हा प्रशासन. प्रत्येकासमोर वेळ लिहा आणि ती प्रत्यक्ष तपासून लिहा: संध्याकाळी सहाला वर्धा रोडवर गाडीला किती लागतात, रात्री दोनला किती. बुटीबोरी आणि हिंगण्यात शेजारच्यांशी एक पानाचा करार करा, की आमच्याकडे वाळूच्या गोण्या, तुमच्याकडे पंप, कुणीही मागितलं तरी हिशोब नंतर.

तटरक्षक दल तेलगळतीचा राष्ट्रीय सराव घेतं. २०२३ चा गुजरातमध्ये वाडीनारला झाला होता. तुमचा सराव वीस मिनिटांचा पुरे, फक्त न सांगता आणि रविवारी रात्री. कागदावर तीनच वेळा लिहा: कळलं कधी, व्हॉल्व्ह बंद कधी, जाळी अडवली कधी. साहेबांचं भाषण, फोटो आणि समोसे दिवसाच्या सरावाला ठेवा. तोही लागतो, फायर एनओसीच्या फाइलला.

गोळा केलेल्या मालाचं काय

डिझेलमध्ये भिजलेली वाळू, भुसा, पट्ट्या, खरवडलेली माती, हे सगळं घातक कचऱ्यात मोडतं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकायचं नाही, पेटवायचं नाही. झाकणाच्या ड्रममध्ये भरा, तारीख लिहा, पावसापासून वाचवा. २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो अधिकृत वाहनातून, फॉर्म १० भरून पाठवायचा. बुटीबोरीतच त्याची सामाईक सुविधा आहे, त्यामुळे "लांब आहे" ही सबब नागपूरकरांना नाही. आसपास विहीर किंवा बोअर असेल तर मालकाला त्याच दिवशी सांगा आणि पाण्याचा नमुना घेऊन ठेवा. शेजाऱ्याला तिसऱ्या महिन्यात वास आल्यावर सांगितलं, की गोष्ट पोलिसात जाते.

उरलं पावसाळ्यातलं बंडातलं पाणी. जून ते सप्टेंबर हे रोजचं काम आहे. बंड पाण्यानं अर्धं भरलेलं असेल तर तेलाला जागा अर्धीच उरते, म्हणून ते काढावंच लागतं. आणि काढण्यासाठी तोच ड्रेन व्हॉल्व्ह उघडावा लागतो जो एरवी कुलूपबंद असायला हवा. आधी पाण्यावर चमक आहे का ते उजेडात बघा. असेल तर शोषक पट्टीनं वरचा थर उचला किंवा पाणी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून सोडा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्यानं पाणी संपेपर्यंत जागा सोडायची नाही, चहासाठीही नाही. पाणी संपलं की व्हॉल्व्ह बंद, कुलूप, वहीत वेळ आणि सही. टँकर येण्याच्या दिवशी हे काम टँकर यायच्या आधी उरकायचं.